प्रशांतच्या गाडीचे शॉकअप

सारिकाचा फोन आला तेव्हा दुपार कलली होती. "मामा, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. सारिका माझ्या भाच्याची, प्रशांतची बायको. ती उमरेडच्या दवाखान्यात कामावर असताना शेजाऱ्यांनी तिला बोलावून घेतलं होतं. मोटारसायकल काढून ती नागपुरात प्रतापनगरला घरी पोचली, तोवर सगळं संपलं होतं. माझी ताई फार पूर्वी गेली, प्रशांत दोन वर्षांपूर्वी, आणि आता तिचे सासरे, नामदेव भाऊजी. त्या घरात सारिका तेवढी उरली.

भाऊजी उमरेडकडच्या कोळसा खाणीत फिटर होते. निवृत्त होऊन नागपुरात आले ते खाणीची धूळ छातीत घेऊनच. चालता चालता मध्येच थांबायचे आणि कुणाचं तरी घर न्याहाळतोय असं दाखवायचे. दम लागलाय हे कबूल करायचे नाहीत. प्रशांतनं जुनी मोटारसायकल आणली तेव्हा त्यांनी हँडल एकदाच दाबून पाहिलं आणि समोरचे शॉकअप, दणके झेलणारे दोन पाइप, संपलेत म्हणून सांगितलं. खरंच होतं ते. चाक खड्ड्यात गेलं की मनगटापर्यंत दणका बसायचा, ब्रेक मारला की गाडी समोरून खालीच बसायची. करून घेतो, करून घेतो म्हणत प्रशांतनं पावसाळा काढला. मग त्याला डेंग्यू झाला. आठवडाही पुरा झाला नाही, पोरगा गेला. गाडी पोर्चमध्ये उभी राहिली. तिच्यावर कुणी कपडासुद्धा टाकला नाही.

प्रशांतच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला सारिकाचा भाऊ पारशिवनीहून आला, तो तिला घेऊन जायच्या तयारीनंच. तिला नोकरी सोडायची नव्हती. पण प्रशांत तिला रोज दवाखान्यात सोडायचा, आणि एकट्या एसटीच्या भरवशावर कामाची पाळी गाठणं तिला जमेना. भाऊजी काही दिवस हे नुसतं पाहत राहिले. मग एका सकाळी त्यांनी तिला विचारलं, गाडी शिकते काय? ती हो म्हणाली. शॉकअप दुरुस्त करायला त्यांनी मला बोलावणं धाडलं, कारण चाक उचलण्याइतका दम त्यांच्यात राहिला नव्हता.

मेकॅनिककडे का नेत नाही, असं मी विचारलं नाही. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा लावून आम्ही पुढचं चाक काढलं, मग दोन्ही शॉकअप सोडवून बाहेर ओढले. उजव्यातलं तेल डांबरासारखं काळं निघालं. डावा उलटा धरला तर चार थेंब पडले आणि थांबले. बाकीचं सगळं तेल अडवणाऱ्या फाटक्या रबरी सीलमधून कधीच गळून गेलं होतं. भाऊजी ते चार थेंब बघत राहिले. "पोरगं याच्यावर बसून जात होतं गा," ते म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी फक्त ऑइल सील बदलले. काही दिवसांत पुन्हा तेल झिरपून ब्रेकपर्यंत आलं. मग पुन्हा सगळं खोललं. स्वयंपाकाच्या ओट्याच्या काळ्या दगडावर त्यांनी शॉकअपचे पाइप लोळवून पाहिले. पाइप सरळ होते, पण गंजानं त्यांना जागोजागी खड्डे पडले होते, नख फिरवलं की अडकत होतं. तेच नवे सील कापत होते. नवे पाइप, त्यांच्यावरच्या बुशच्या नव्या कड्या, पुन्हा सील. सील ठोकून बसवताना भाऊजींना मध्येच असा दम लागला की हातोडी माझ्याकडे देऊन ते पायरीवर बसले. ओठ निळसर झाले होते. मी पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"सुधाकर, गाडीनं नाही मेलं ते," ते म्हणाले. "तापानं मेलं. मंग मी हे काहून करून राहिलो?"

सारिकासाठी, असं म्हणता आलं असतं, पण त्यांना ते ठाऊकच होतं. त्यांचा प्रश्न वेगळा होता. थोड्या वेळानं ते उठले, दोन्ही बाजूंना सारखं तेल मोजून भरलं आणि झाकणं आवळली. वस्तीमागच्या मैदानात त्यांनीच सारिकाला गाडी शिकवली. ती पहिल्यांदा एकटी उमरेडला गेली त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत जेवले नाहीत, असं ती नंतर सांगत होती. त्यांचं मन हलकं झाल्याचं मला तरी कधी दिसलं नाही. पुढं छाती आणखी बिघडली, ऑक्सिजनचं मशीन घरी आलं, आणि शेवटचे महिने ते पोर्चकडच्या खिडकीपाशी पलंगावरच होते.

भाऊजींच्या पुण्यानुमोदनानंतर मी दोन दिवस तिथंच राहिलो. सारिकाचा भाऊ याही वेळी आला होता, आणि याही वेळी एकटाच परत गेला. दुसऱ्या सकाळी ती कामावर निघाली. मी दारात उभा होतो. तिनं पुढचा ब्रेक धरला, अंगाचा भार टाकून हँडल दोनदा दाबलं, मग खाली वाकून दोन्ही पाइपांवरून बोट फिरवलं आणि ते उजेडात धरून पाहिलं.

"कोरडं आहे, बाबा," ती खिडकीकडे बघून म्हणाली.

आत पलंग उभा करून भिंतीला लावलेला होता. तिनं बोट ओढणीला पुसलं, हेल्मेट घातलं, आणि माझ्याकडे न बघता गाडी फाटकाबाहेर काढली.