गुरुशांत सरांचं चव रजिस्टर

आमच्या शाळेत सगळ्यात चांगलं मराठी लिहिणारा माणूस गणित शिकवतो, ही गोष्ट मला फार दिवस झोंबत होती. मराठी मी शिकवते. पण मुख्याध्यापक बाई कौतुकानं वाचून दाखवायच्या ते गुरुशांत सरांचं चव रजिस्टर.

ज्यांना शाळेचं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दुपारची खिचडी पोरांच्या ताटात पडायच्या आधी एका शिक्षकानं ती चाखायची आणि वहीत शेरा लिहून सही करायची, असा नियम आहे. बाकीच्या शाळांत 'चव चांगली' लिहून मोकळे होतात. आमच्याकडे तीन वर्षं हे काम गुरुशांत सरांकडे होतं. सर लिहायचे, 'फोडणीचा खमंगपणा शेवटच्या घासापर्यंत टिकतो.' 'मटकी मऊ, पण बाणा न सोडलेली.' खिचडी करणाऱ्या नागूबाई रोज मला गाठायच्या. "बाई, आज सरांनी काय लिवलंय, वाचा की." मी वाचायचे. मग जणू काही विशेष नाहीच, अशा चेहऱ्यानं त्या भांडी घासायला जायच्या, पण त्या दिवशी भांडी जरा जास्त वाजायची.

सर पंचेचाळिशीचे, हडकुळे, शर्ट कायम कडक इस्त्रीचा. त्यांना जेवताना मात्र कुणी पाहिलं नव्हतं. "माझं उरकलं," म्हणायचे. बायकोनं, रुद्राणीवैनींनी, भरून दिलेला डबा रोज रिकामा घरी जायचा. आणि त्यांच्या वर्गाबाहेर ढोल्या नावाचं एक भटकं कुत्रं पडलेलं असायचं. ते इतकं फुगलं होतं की फाटकाखालून त्याला जाता येत नव्हतं, मंजुनाथ शिपाई त्याच्यासाठी फाटक उघडायचा. या दोन गोष्टींचा संबंध स्टाफरूममधल्या अकरा पदवीधरांपैकी एकालाही लागला नाही. त्यात मी एम.ए.

गेल्या फेब्रुवारीत नागूबाईंनी गडबडीत खिचडीत दोनदा मीठ घातलं. पहिल्या घासाला पोरं उठली ती थेट नळावर. मुख्याध्यापक बाईंनी चमचाभर तोंडात घातली, डोळे मिटले आणि रजिस्टर मागवलं. सरांचा शेरा होता, 'मीठ असं बेताचं, की कमी म्हणवत नाही आणि जास्तही म्हणवत नाही.'

म्हणजे सर चाखतच नव्हते. तीन वर्षांत एकदाही नाही.

कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांच्या मनात एकच आलं. सर लिंगायत, नागूबाई बौद्ध. माझ्याही मनात तेच आलं आणि मी सरांकडे अशा नजरेनं पाहिलं, की आज आठवलं तरी लाज वाटते.

नागूबाई पळी हातात घेऊनच स्टाफरूमच्या दारात आल्या.

"सर, खरं सांगायचं. माज्या हातचं चालत न्हाय व्हय तुमाला?"

"तसं नाही हो, मावशी."

"मग कसं हाय? तुमी लिवलं आन मी हुरळून गेले. सर माज्या हाताला नावाजत्यात म्हणून सगळ्या वस्तीत सांगत हिंडले. आता कुटं तोंड लपवू?"

सर गप्प बसले असते तरी त्यांचं काही बिघडलं नसतं. असल्या गोष्टींनी आपल्याकडे कुणाचं काही बिघडत नाही, हे नागूबाईंना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण सर उभे राहिले आणि जे त्यांनी सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं ते अकरा जणांसमोर बोलले.

"मला आजार आहे. मनाचा. चिंतेचा आहे आणि खाण्याचाही आहे. दोन वर्षं गोळ्या चालू आहेत. कुणी बघत असलं की घास उतरत नाही. कुणी बघत नसलं की डोकं म्हणतं, आता कशाला खातोस?"

"खाण्याचा आजार म्हंजे शुगर?"

"नाही."

"मग घरचं तरी खाता का?"

"डब्यातलं नाही."

"मग डबा कोण खातंय?"

सरांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. व्हरांड्यात ढोल्या उताणा झोपला होता.

नागूबाई खिडकीशी गेल्या. "आगं बया! रुद्राणी वैनींची कडक भाकरी आन शेंगाची चटणी ह्यो हाणतोय व्हय! तरीच म्हणलं हे रेड्यावानी का सुटलंय." त्यांनी पळी खाली केली. "म्हंजे तुमी कुणाच्याच हातचं खात न्हाय. मग ठीक हाय." डॉक्टरचा कागद कुणी मागितला नाही.

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं पहाटे पळा, कुणी म्हणालं आलं-लिंबू घ्या. मंजुनाथच्या आतेभावाला असंच होतं म्हणे, लग्न झाल्यावर गेलं. सरांना दोन मुलं आहेत. मी म्हणाले, "मन घट्ट करा." सर मला म्हणाले, "बाई, फ्रॅक्चर झाल्यावर तुम्ही हाड घट्ट करता का?" मराठीवाल्यांना असं कुणी गप्प करत नाही.

त्या आठवड्यात सरांनी आणखी एक कबुली दिली. काय खाल्लं ते रोज लिहायला डॉक्टरांनी त्यांना वही दिली होती. त्या वहीतही दोन वर्षं फोडणी खमंगच होती. आता त्यांनी डॉक्टरांना खरं सांगितलं. गोळ्या बदलल्या, समुपदेशन सुरू झालं आणि रोज एका विश्वासाच्या माणसासोबत बसून खायचं ठरलं. तो माणूस कोण, हे नागूबाईंनी परस्पर ठरवून टाकलं.

सर स्वयंपाकाच्या शेडमध्ये ताटली घेऊन बसायचे. नागूबाई त्यांच्याकडे पाठ करून तांदूळ निवडायच्या. अट एकच होती, 'घ्या की' म्हणायचं नाही. सोलापूरच्या बाईला ही अट म्हणजे शिक्षाच. त्या दातात पदर धरून बसायच्या.

चौथ्या दिवशी रजिस्टरात पहिला खरा शेरा आला. 'एक चमचा घेतला. हळद जास्त.' नागूबाई दोन दिवस फुगून होत्या. "खोटं लिवत हुते तवाच बरे हुते," मला म्हणाल्या. पण हळद कमी केली. मध्येच एखाद्या दिवशी 'आज जमलं नाही' एवढंच असायचं, त्यावर नेहमीसारखी सही. जूनमध्ये तर आठ दिवस ओळीनं तेच होतं. तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं. मी घाबरले होते. सर नवव्या दिवशी ताटली घेऊन पुन्हा शेडमध्ये गेले.

सरांचं वजन किती वाढलं ते विचारू नका, डॉक्टर त्यांनाही सांगत नाहीत, काट्यावर पाठमोरं उभं करतात म्हणे. पण दिवाळीपर्यंत ढोल्या फाटकाखालून जायला लागला. पोरांना त्याची काळजी वाटून त्यांनी त्याला बिस्किटं आणायला सुरुवात केली.

आणि जानेवारीतली ही गोष्ट. पोरांची पंगत उठली होती. सर शेडमध्ये रिकामी ताटली घेऊन उठले आणि म्हणाले, "मावशी, अजून थोडी वाढा की."

नागूबाई गर्रकन वळल्या. पाठ करून बसायचं विसरल्या. मग पातेल्यात बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "संपली की ओ! इतके दिस पाठ करून बसले आन आज मागितली तर संपली!" तळाची खरवड त्यांनी उलथन्यानं खरडून काढली, ती सरांनी उभ्यानंच, त्यांच्यासमोर खाल्ली.

दुपारी रजिस्टरात जादा शेरा होता. 'खिचडी कमी पडली.'

"अहो, वरून विचारणा होईल, खोडा ते," मुख्याध्यापक बाई म्हणाल्या. नागूबाईंनी वही छातीशी धरली. "खोडायचं न्हाय," म्हणाल्या आणि माझ्याकडून तो शेरा तीनदा वाचून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्या घरून पिशवीत मापटंभर तांदूळ घेऊन आल्या. मी विचारलं, हे कशाला?

"सरकार पोरं मोजून तांदूळ देतंय, बाई," त्या म्हणाल्या. "सरास्नी मोजलंच न्हाय की त्येनी."