पहिल्या गाण्याचे ड्रम

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या माणसाला बँडमध्ये दुसरं काय नाव पडणार? सगळे त्याला कवळीच म्हणत. आठवडाभर तो दातांच्या लॅबमध्ये मेणात दात बसवायचा आणि सुट्टीच्या दिवशी ड्रम बडवायचा. वय बावन्न. बँडला बावीस वर्षं झाली होती, आणि त्याच्या आईच्या मते हे खूळ आता वर्षा-दोन वर्षांत उतरणार होतं.

एकही कंपनी दारात उभं करेना, तेव्हा बँडमधल्या चौघांनी स्वतःचीच रेकॉर्ड कंपनी काढली. कंपनीचं ऑफिस म्हणजे गायिकेचं जेवणाचं टेबल, आणि नियम एकच: चौघांचा होकार असल्याशिवाय गाणं बाहेर जाणार नाही. पहिल्या अल्बमची आठ गाणी संथ होती, निभून गेली. घोडं अडलं ते पहिल्याच, जलद गाण्यापाशी, आणि ते नेमकं कवळीचं होतं. वडील गेल्यावर त्याने स्वतः चाल बांधलेलं, आयुष्यातलं एकुलतं एक.

त्या रविवारी टेबलाशी बसल्यावर कोणी नजर वर करेना. शेवटी गिटारवाल्याने ते गाणं दोनदा ऐकवलं. आधी कवळीच्या ड्रमसकट. मग कॉम्प्युटरच्या, तिघांनी त्याला न सांगता घालून पाहिलेल्या.

“मनगट दुखतंय ना तुझं?” बेस गिटारवाला म्हणाला. “वेग आला की मागे पडतोस. सहा महिने झाले.”

“मग सहा महिने मूग गिळून का बसला होतात?”

“दादा, तू म्हणशील तसं,” गायिका घाईघाईने म्हणाली. “तुझं गाणं आहे. तुझेच ड्रम ठेवू.”

कवळी भयंकर चिडला होता. परक्याची कंपनी असती तर मालकाला चार शिव्या हासडून मोकळं होता आलं असतं. इथे आपलेच दात नि आपलेच ओठ. त्याने दोन्ही पुन्हा ऐकली. कवळी खरी वाटावी म्हणून तो एखादा दात किंचित वाकडा लावत असे. तीच सबब त्याने मनाशी पुढे करून पाहिली. पण तो दात तो मुद्दाम वाकडा लावायचा. हे त्याच्या हातून वाकडं झालं होतं, आणि असं काम त्याने लॅबबाहेर कधी जाऊ दिलं नव्हतं.

“दुसरं घ्या,” तो म्हणाला. “आणि कव्हरवरच्या नावांत ड्रमसमोर माझं नाव टाकू नका.”

“अरे, पण चाल तुझी आहे,” गिटारवाला म्हणाला.

“मग चालीसमोर टाका. वाजवलं नाही तिथे नको.”

अल्बम निघाला त्या दुपारी एका लहानशा हॉलमध्ये कार्यक्रम होता. पहिलं गाणं तेच, ड्रम कॉम्प्युटरवरून वाजणार होते. ड्रममागे बसून नुसते हात हलवायचं सोंग त्याला जमणार नव्हतं, म्हणून तो पहिल्या रांगेत जाऊन बसला. बावीस वर्षांत त्याने आपला बँड समोरून कधी पाहिलाच नव्हता. त्याच्या वाट्याला तिघांच्या पाठी यायच्या. गायिका डोळे मिटून गाते, हे त्याला आज कळलं. गाणं सुरेख झालं. त्याला फार आनंद झाला आणि तितकंच वाईटही वाटलं.

शेजारच्या बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, “मस्तच हो! पण ड्रम कोण वाजवत होतं? कोणी दिसलं नाही.”

“कोणीच नाही,” तो म्हणाला, आणि दुसऱ्या गाण्यासाठी उठून ड्रमवर जाऊन बसला.