सगळ्यात शेवटी बोलणारे सारंगकाका

खेळात हरल्यावर सारंगकाका कधी चिडले नाहीत. आमचे सातच्या सात गडी आडवे पडले, पडदा काळा झाला, की हेडफोनमध्ये आधी त्यांच्या चहाच्या घोटाचा आवाज यायचा आणि मग एकच प्रश्न, "काय दिसलं?" या प्रश्नाचा एक क्रम ठरलेला होता. गटात जो सगळ्यात नवा असेल त्याने आधी सांगायचं, मग त्याच्याहून जुन्याने, आणि काका स्वतः सगळ्यात शेवटी बोलायचे. एकदा टोकूनही मध्ये कुणी तोंड घातलं तर ते हेडफोन काढून उठून जात. मग त्या दिवशीचा खेळ बंद.

आमची ओळख झाली ती माझ्या एम.ए.च्या प्रबंधामुळे. इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायच्या खेळांत माणसं एकमेकांकडून कशी शिकतात, हा माझा विषय. खरं सांगायचं तर तो मी निवडला, कारण त्यात कुणाला न दिसता नुसतं ऐकत बसता येईल असं मला वाटलं होतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. शाळेत इंग्रजी बिचकत बोलायचे, बाहेर मराठी, आणि चार माणसांसमोर दोन्ही भाषा एकदमच बंद पडायच्या.

काका मालगुंडचे. मालवाहू जहाजांवर आयुष्य काढून, खलाशांचा म्होरक्या म्हणजे सारंग होऊन ते निवृत्त झाले होते. गावात आणि खेळातही नाव तेच. दुपारची झोप झाली की चार ते सहा, पडवीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ते खेळत. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा काकूंनी माझ्या हातात कोकम सरबत दिलं आणि नवऱ्याकडे मान वळवून म्हणाल्या, "जहाजावरून उतरले खरे, पण घरात काय अजून आले नायत." काकांना ऐकू गेलं होतं. ते हसले आणि त्यांनी हेडफोन चढवले.

मी फक्त ऐकेन आणि वहीत नोंदी करेन, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "काठावर बसून पाणी किती खोल ते कळत नाय गो बाय. आत ये." म्हणून मी सातवी झाले, आणि अर्थातच सगळ्यात नवी.

त्या महिन्यात गट एकाच ठिकाणी अडला होता. एका दरीवरचा पूल ओलांडून पलीकडचा किल्ला घ्यायचा, पण गट मधोमध पोचला की पूल कोसळायचा. माझ्या पहिल्याच दिवशी तो कोसळला. चहाचा घोट, मग प्रश्न. पहिला नंबर माझा, आणि मी नुसती वहीची पानं उलटत राहिले. गटात खेडचे एक निवृत्त मास्तर होते, त्यांना समजावून सांगितल्याशिवाय राहवत नसे. माझी दया येऊन त्यांनी पुलाच्या दोरांबद्दल सुरुवात केली. "मास्तर, तुमचा तास अजून यायचाय," काका म्हणाले. पुन्हा शांतता. ती इतकी लांबली की अखेर मी पुटपुटले, पूल पडायच्या आधी खालून पक्षी उडाले. बाकीचे सगळे महिनाभर समोरच्या किल्ल्याकडे बघत होते. पक्षी कुणीच पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी पक्षी उडताच आम्ही मागे पळालो, ते बसल्यावर पुढे गेलो, आणि किल्ला घेतला.

ही पद्धत कुठून आली, असं मी नंतर विचारलं. जहाजावर काही चुकलं, दोर तुटला, कुणाला लागलं, की ते आधी सगळ्यात नव्या खलाशाला विचारत. "जुना आधी बोलला ना, की नव्याला तेवढंच दिसतं," ते म्हणाले. माझ्या प्रबंधाचा कणा म्हणजे हे एक वाक्य. बाकी शंभर पानं मी त्याभोवती लिहिली.

प्रबंध पुरा होत आला तेव्हा रत्नागिरीतल्या एका कॉलेजात चर्चासत्र ठरलं आणि माझा शोधनिबंध निवडला गेला. माझे मार्गदर्शक सर भले गृहस्थ होते. माझी अवस्था त्यांना ठाऊक होती. ते म्हणाले, काम उत्तम आहे, पण तिथे तू गप्प झालीस तर कामावर पाणी पडेल. नाव तुझंच राहील, वाचतो मी. मला इतकं हायसं वाटलं की त्याच दुपारी मी काकांना सांगून टाकलं. तेही म्हणतील, बरं झालं, अशी माझी खात्री होती.

काकांनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, "वाचू देत की. चांगले आहेत सर. फक्त सगळ्यात जुना माणूस पहिला बोलला, एवढंच होईल."

संध्याकाळी मी सरांना फोन करून सांगितलं, मीच बोलणार.

चर्चासत्राला काका मालगुंडहून एस.टी.ने आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. शेवटच्या रांगेत बसले. पहिली स्लाइड मी वाचली. दुसरीवर वाचा गेली. कागदावरची इंग्रजी वाक्यं दिसत होती, पण तोंडातून काही येईना. खुर्च्या करकरल्या, कुणीतरी खोकलं, सर अर्धे उठले. मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. काका धीर देत नव्हते, हसत नव्हते, खुणावतही नव्हते. हात गुडघ्यांवर ठेवून, खाली बघत नुसते बसले होते. ती शांतता माझ्या ओळखीची होती. पूल पडल्यावर हेडफोनमध्ये तीच तर असायची.

मी कागद बाजूला ठेवला. "मला काय दिसलं, ते सांगते," मी मराठीत म्हणाले आणि पक्ष्यांपासून सुरुवात केली. मग थांबले नाही. शेवटी एका प्राध्यापकांनी विचारलं की असं शिकलेलं खेळाबाहेर टिकतं याला पुरावा काय. मी म्हटलं, गेल्या वर्षी मी या माइकसमोर उभी राहू शकले नसते. सभागृह हसलं. सर सगळ्यात जोरात हसले.

एस.टी. स्टँडवर काकांना सोडायला गेले. बाकी सगळ्यांनी कौतुक करून झालं होतं, त्यांचा नंबर शेवटचा. गाडी लागल्यावर पायरीवर चढून ते म्हणाले, "तिसऱ्या चित्राला घाई केलीस." आणि आत जाऊन खिडकी पकडली.

काका गेल्याला आता वर्ष होईल. आजार चार दिवसांचा. मी तोवर शिकवायला लागले होते. दिवसकार्य आटोपल्यावर आम्ही सहा जण ठरवून चार वाजता खेळात आलो. थोड्या वेळाने पडद्यावर काकांचं नाव उजळलं. मग हेडफोनमध्ये काकूंचा आवाज आला. खुर्चीत बसल्ये, कुठलं बटण दाबायचं ते सांगा, म्हणाल्या. मास्तरांनी सांगितलं. आम्ही त्यांना घेऊन जेमतेम पुलापर्यंत गेलो आणि सगळे पडलो.

पडदा काळा झाला. चहाचा घोट नव्हता. प्रश्न विचारायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी विचारला, "काकू, काय दिसलं?"

त्या म्हणाल्या, "एवढी माणसं रोज घरात आणून बसवत होते हे. मला दिसलीच नाय गो."

पुढचा नंबर माझा, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पण त्या दिवशी आम्ही जुनी माणसं गप्प राहिलो.