हात काढला की कण्हणारी गिटार

मोहनकाकांचा फोन आला की मी तो त्यांच्याच आवाजात उचलायचो. "बोला सरकार... जेवलात का?" ते म्हणायच्या आत मीच. नाकातून, थोडा खानदेशी हेल, शेवटी एक छोटं खाकरणं. पलीकडून काका ओरडायचे, "अरे, मी मलाच फोन लावला की काय!" दर वेळी तोच जोक आणि दर वेळी दोघंही तेवढेच हसायचो. त्या शनिवारी सकाळी मेनूथला युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीबाहेर मी तस्साच उचलला. पलीकडे कोणी हसलं नाही. नुसता श्वास. मग वृंदाकाकू म्हणाल्या, "पक्या, हे गेले रे..." गॉलवेत, सॉल्टहिलला समुद्राच्या कडेनं चालायला गेले होते, दम लागला म्हणून बाकावर बसले, ते बसलेच.

आता महिना उलटून गेला. मी मूळचा बार्शीचा, शाळेत सगळ्या सरांचे आवाज काढायचो, त्यापायी मारही खाल्लाय आणि स्टाफरूममधला चहाही प्यायलोय. इकडे आयर्लंडला येऊनही दुकान चालूच होतं. घरमालक, प्रोफेसर, बसचा ड्रायव्हर, कोणाला सोडलं नाही. पण त्या फोननंतर घसाच कंटाळलाय. मित्र म्हणतात, "यार, काहीतरी करून दाखव ना." मी सांगतो, सर्दी झालीये. आयर्लंडमध्ये हे कारण बाराही महिने चालतं.

काका गॉलवेत एका मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत क्वालिटीत होते. मी मास्टर्सला आलो तेव्हा त्यांच्या घरी वरच्या खोलीत राहायचो, मेनूथला नंतर आलो. काका भुसावळचे, रेल्वे क्वार्टर्समधले. तरुणपणी ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. लाल, जपानी, अंगावर इतकी बटणं की त्यांची आई तिला मिक्सर म्हणायची. पुण्याला नोकरी लागली तेव्हा "येतो परत" म्हणून ती ऑर्केस्ट्राच्या मालकाकडे ठेवली. परत गेले तेव्हा ऑर्केस्ट्रा मोडला होता, मालक गाव सोडून गेला होता, गिटारचं कोणालाच माहीत नव्हतं. हे ते अगदी सहज सांगायचे, भाजी चिरता चिरता. पण सांगायचे मात्र सारखे. आणि मला म्हणायचे, "आमच्यात एक मिमिक्रीवाला असायचा. कोणाची तार तुटली की त्याला पुढे ढकलायचं. सरकार, तुम्ही तिथे खपला असता!" माझ्या डिग्रीचं इतकं कौतुक कोणी केलं नाही.

मग एकदा त्यांना फोनवर जाहिरात दिसली. मलिंगारमधलं एक घर, चेक्सच्या ब्लँकेटवर ठेवलेली लाल गिटार. काका जेवण अर्धं टाकून माझ्या खोलीत आले. "बघ रे. तीच आहे की नाही?" मी ती कधी पाहिलीच नव्हती, तरी म्हटलं, तीच. रविवारी निघालो. मलिंगार येईपर्यंत काका एक शब्द बोलले नाहीत. मी तीन जणांचे आवाज काढून पाहिले, उपयोग शून्य. घाबरले होते, दुसरं काय.

दार उघडलं एका म्हाताऱ्या बाईनं. आधी चहा, मग गिटार, असा तिचा नियम. तिचा नवरा शोबँडमध्ये होता, म्हणजे गावोगावच्या डान्स हॉलमध्ये दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवणारी टोळी. आपला ऑर्केस्ट्राच की! नवऱ्याचं नाव न घेता ती सारखी 'हिमसेल्फ, हिमसेल्फ' म्हणत होती. काका माझ्या कानाशी लागले, "ही पण आमच्या हिच्यासारखीच रे... 'हे' म्हणतेय." गिटार हातात देताना बाई म्हणाली, "शी'ज ग्रँड, बट शी मोन्स." म्हणजे झकास आहे, पण कण्हते. खरंच. वायर जोडली आणि खोलीभर सुरू झालं... घुंsss. काकांनी तारांवर तळवा ठेवला. गप्प. हात काढला की परत घुंsss. बाईला वाटलं, आता हे गिऱ्हाईक जाणार. काका मात्र डोळे पुसत हसत होते. "माझीही हेच करायची रे! ती नाहीये ही... पण तिची बहीण आहे."

परतीच्या वाटेवर काकांची बडबड थांबेना, तेव्हा मी तोंडानं घुंsss चालू केलं. त्यांनी एक हात स्टिअरिंगवर ठेवला, दुसरा माझ्या डोक्यावर. मी गप्प. हात उचलला की परत चालू. मग घरात हा खेळच झाला. काकू म्हणायच्या, "एक घरात आणलीत ती कमी होती का?" काका ऑफिसातून आले की बूट काढायच्या आधी वर जायचे, आणि स्वयंपाकघरात कळायचं, साहेब आले.

गेल्या आठवड्यात गॉलवेला गेलो. काकूंनी भात वाढला, स्वतः घेतला नाही. प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, इकडे सगळे तसंच म्हणतात, लोणचं काढताना माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "त्या दिवशी तू फोन उचललास ना... मी नुकतीच हॉस्पिटलातून आले होते, आणि हे बोलले. एक क्षण सगळं ठीक झालं होतं रे." त्यांनी बरणी टेबलावर ठेवली. "एकदा काढ ना परत. एकदाच."

मी खाकरलो. 'बो' म्हटलं. पुढे काही येईना. परत म्हटलं, तर माझाच आवाज, तोही चिरका. दुनियेचे आवाज काढणारा मी, आणि या बाईनं मागितलेला तेवढा एक निघेना... पाणी प्यायलो, उठलो आणि वर गेलो. गिटार खिडकीशी होती, पट्ट्याला काकांच्या खांद्याचा बाक अजून तसाच. मी ती मांडीवर घेतली, वायर जोडली, आणि तारांना हात लावला नाही.

घुंsss...

काकू जिन्यावरून आल्या, दारात उभ्या राहिल्या. "राहू दे रे, नको काढूस यांचा आवाज," म्हणाल्या. तेवढ्यात, का कोण जाणे, माझा घसा सुटला. गिटारच्याच सुरात, तोंडानं, मीही चालू झालो. घुंsss. काकू आत आल्या. एक तळवा तारांवर ठेवला, आणि दुसरा माझ्या डोक्यावर.

गिटार आणि मी, दोघंही गप्प झालो.