शेजारच्या साच्यावरची बाई

नवरा तापानं गेला त्या वर्षी मी वळसंगहून सोलापुरात आले आणि एका गिरणीत, सूत बाबिनीवर गुंडाळायच्या खात्यात लागले. राहायला लांबच्या चुलत्याच्या घरी पडवीचा कोपरा होता. घरात माणसं पुष्कळ, पण माझ्याशी बोलणं म्हणजे "पाणी भरलंस का?" एवढंच. हळूहळू मीही बोलायचं सोडून दिलं.

खात्यात तर बोलायची सोयच नव्हती. छताखालून एक लांब लोखंडी दांडा सतत फिरत असे. त्याच्यावरून चामड्याचे पट्टे खाली येत आणि सूत गुंडाळायचं एकेक यंत्र, म्हणजे साचा, चालवत. आवाज एवढा, की स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येत नसे.

पहिल्या दिवशी सकाळी, साचे सुरू व्हायच्या आधी, आम्हां बायकांवरच्या नायकिणीनं मला साच्याजवळ उभं केलं.

"पदर कमरंला घट्ट खोच. केस बांध. साचा चालू असताना आत हात घालायचा न्हाय, सूत तुटलं तर तुटू दे. आन् कुणी साच्यात सापडलंच, तर माणसाकडं धावू नगंस. ही मूठ हाय बघ, हिच्याकडं धाव. ही वढली की पट्टा रिकाम्या चाकावर सरकतो आन् साचा थांबतो. माणसाला वढत बसलीस तर दोघी जाशीला."

मी मान हलवली. ऐकायला सगळं सोपं होतं.

शेजारच्या साच्यावर एक तेलुगू बाई होती, माझ्याच वयाची. तिला मराठी येत नव्हतं, मला तेलुगू. पण त्या आवाजात मराठी बायकासुद्धा एकमेकींशी हातांनीच बोलत, त्यामुळं आमचं काही अडलं नाही. तिनं कमरेवर दोन बोटं आपटली की माझा पदर सुटलाय. गाल फुगवले की नायकीण येतेय. कपाळ पुसून बोटं झटकली की आज ऊन फार. जेवायच्या सुट्टीत ती तिच्या बायकांत जाऊन बसे आणि मी भिंतीशी माझी भाकरी सोडे. साचे सुरू झाले की आमचं पुन्हा सुरू. दिवसभरात माझ्याकडं बघून हसणारी ती एकटीच.

पुढं तिला दिवस गेले. पोट दिसायला लागलं तसा पदर घट्ट खोचता येईना. ती बाजूला सैल गाठ मारून ठेवी. मी कमरेवर बोटं आपटली की पोटाकडं बोट दाखवून हसायची.

एका दुपारी ती खाली पडलेली बाबिन उचलायला वाकली आणि माझ्या डोळ्यांदेखत ती गाठ सुटली. पदराचं टोक साच्याच्या कडेला फिरणाऱ्या दांड्यावर पडलं आणि दांड्यानं ते गुंडाळून घेतलं. बघता बघता ती साच्याकडं ओढली गेली. तोंड उघडलेलं दिसलं, आवाज काही आला नाही. तिनं मोकळा हात माझ्याकडं केला.

तो हात धरावा म्हणून माझं सगळं अंग पुढं जात होतं. पण मूठ साच्याच्या दुसऱ्या टोकाला होती. मी तिच्याकडं पाठ केली आणि धावले. दोन्ही हातांनी मूठ ओढली. पट्टा सरकला, साचा थांबला. मागं वळून बघायचा धीर होईना.

वळले तेव्हा बायका कात्रीनं तिचं लुगडं कापत होत्या. हात कोपरापाशी मोडला होता, पोटाला लागलं नव्हतं. नायकीण माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "बेस केलंस!" बाकीचे साचे चालूच होते. तिला उचलून नेल्यावर मीही माझ्या साच्यावर जाऊन उभी राहिले.

पुढच्या आठवड्यात त्या दांड्यावर पत्र्याचं झाकण बसवलं. तेवढ्या एकाच साच्याच्या.

सुट्टीच्या दिवशी मी तेलुगू विणकरांच्या वस्तीत तिचं घर विचारत गेले. खोलीत हातमाग होता, त्याच्यामागं ती पडून होती. माग बंद होता. इतकी शांतता, की मला काय करावं कळेना. मी गाल फुगवून दाखवले. ती ओशाळून हसली आणि तिची सासू आमच्याकडं बघत राहिली. गिरणीतल्या खुणा त्या खोलीत वेडगळ दिसत होत्या आणि दुसरी भाषा आम्हांला नव्हती.

सासूला मोडकंतोडकं मराठी येत होतं. सून काहीतरी बोलली, तशी सासू म्हणाली, "ती म्हणते, तू पाठ फिरवली तवा तिला वाटलं, तू पळाली."

"न्हाय हो! मूठ तिकडं होती. ती वढल्याबिगर साचा थांबत न्हाय."

सासूनं ते सांगितलं. सुनेनं डोळे मिटले. मग ती हळू आवाजात बरंच बोलली.

"काय म्हणती?" मी विचारलं.

"तुझं नाव काय, विचारते."

वर्षभर आम्ही शेजारी उभ्या होतो. मी नाव सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून बघितलं, तिच्या तोंडात ते जरा वेगळंच झालं. मग तिनं तिचं सांगितलं. पाणी पिऊन मी उठले.

पुन्हा गेले तेव्हा त्या खोलीत दुसरं कुटुंब होतं. आधीची माणसं सोलापूर सोडून लांब तिकडं आपल्या मुलखात गेली, असं त्यांनी सांगितलं. मुलगा झाला की मुलगी, मला कधीच कळलं नाही.

तिच्या साच्यावर वैरागची एक बाई आली. चांगली होती, सुट्टीत माझ्याजवळ बसून गावाकडचं सांगायची. साचा चालू असताना मात्र ती सुतावरची नजर काढून माझ्याकडं बघत नसे. तिचं बरोबरच होतं.