स्थायी पत्ता: पवनी

फॉर्मात बत्तीस रकाने होते. त्यातले एकतीस इंद्रजीतने अगदी बरोबर भरले. बी.ए. झालेला भाऊ घरात असताना ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या चॉइस सेंटरवाल्याचे पाय कशाला धरायचे, म्हणून बहिणीचा वेल्डिंगच्या शिष्यवृत्तीचा अर्ज त्याने स्वतःच, पंख्याखाली लोळत मोबाइलवर भरला. 'स्थायी पता' आलं तेव्हा क्षणभरही न अडखळता लिहिलं: पवनी, जिल्हा भंडारा, महाराष्ट्र.

आजोबा मारोती रेल्वेच्या वॅगन वर्कशॉपात लागून रायपूरला आले, त्याला साठ वर्षं झाली. बाप शंकर इथंच जन्मला, इथंच शिकला, दोन वर्षांपूर्वी इथंच गेला. छत्तीसगढ राज्य नवं झालं तेव्हा मोनाली रांगत होती. तरी कोणी 'गाव कोणतं?' म्हटलं की घरातल्या प्रत्येकाच्या तोंडून 'पवनी'च निघायचं. इंद्रजीतने पवनी आयुष्यात दोनदा पाहिली होती. दोन्ही वेळा लग्नात, आणि त्यातही एकदा तर नुसते जुलाबच झाले.

शिष्यवृत्ती मात्र छत्तीसगढच्या रहिवाशांसाठी होती. मंगळवारी यादी लागली, मोनालीच्या नावापुढे 'अपात्र'. दुरुस्तीला गुरुवारी पाचपर्यंत वेळ.

"काहून रे, एवढा शिकून तुले घराचा पत्ता नाही लिवता आला?" आई माया म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

शिष्यवृत्ती नाही तर संस्थेतली सीट नाही. सीट नाही तर सोमवारपासून मोनालीने सिलतऱ्याच्या कारखान्यात पोती शिवायची, हे मायाने एका बाईला सांगूनही ठेवलं होतं. कोपऱ्यावरच्या ग्रिलच्या दुकानासमोर मोनाली वर्षभर उभी राहायची. दुकानदाराने एकदा वेल्डिंगचा होल्डर हातात दिला, तर घरी तीन दिवस दुसरा विषय नव्हता. एरवी भावाला 'कलेक्टर साहब' म्हणून छळणारी पोट्टी आता त्याच्याकडे बघतही नव्हती.

तेलीबांध्याच्या शिष्यवृत्ती ऑफिसातला बाबू म्हणाला, "महाराष्ट्र तो आपने ही लिखा है. पिताजी यहाँ पढ़े हों तो स्कूल का रिकॉर्ड लाओ."

बुधवारी सुट्टी. गुरुवारी सकाळी दोघं भाऊबहीण बापाच्या शाळेत. हेडमास्तर म्हणाले, इतकी जुनी रजिस्टरं कोठीत आहेत, वाळवीने काय ठेवलं असेल ते बघा. कोठीची किल्ली गोदूबाईकडे, शाळेच्या रोजंदारीवरच्या म्हाताऱ्या चपराशिणीकडे. तिने पदर खोचला आणि गठ्ठे उपसायला लागली. बारा वाजले, एक वाजला. काही पानं हातात घेताच भुगा होत होती. इंद्रजीतला वाटलं, बापाचं नावही असंच बोटांतून गळून गेलं असेल.

"अरे, रडून काहून राहिला?" गोदूबाई म्हणाली.

"धूळ गेली, मावशी."

"डोळ्यात की नाकात?" मोनाली म्हणाली. तीन दिवसांतलं तिचं हे पहिलं वाक्य.

अडीचला सापडलं. शंकर, पिता मारोती, निवासी रायपूर. अर्धं पान वाळवीने खाल्लं होतं, पण 'रायपूर' सोडलं होतं.

हेडमास्तरांची सही घेऊन निघताना गोदूबाईने इंद्रजीतचा हात धरला. "तू शिकलेला हाय म्हणे. माह्या म्हातारपणाच्या पेन्शनचा फॉरम भरून देशील?"

मोनाली धुळीने माखलेल्या तोंडाने इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. इंद्रजीत 'हव' म्हणाला आणि पळाला. पाचला दहा कमी असताना बाबूने कागद घेतला.

नाव आलं, यादीत अगदी शेवटी. हल्ली मोनाली संध्याकाळी वेल्डिंगच्या उजेडाने सुजलेल्या डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडते आणि 'कलेक्टर साहब, पानी' म्हणते. साहेब मुकाट्याने देतात.

पुढे एके दिवशी गोदूबाईचा फॉर्म भरायला तो तिच्याजवळ बसला. नाव झालं, वय झालं.

"स्थायी पत्ता, मावशी?"

"आर्वी."

"इथं किती वर्षं झाली?"

"पन्नास होतीन. पण गाव आर्वीच ना बापू."

त्याने पेन खाली ठेवलं. आर्वी लिहिलं तर पुन्हा महाराष्ट्र, पुन्हा 'अपात्र'; रायपूर लिहायचं तर कागद लागतो. ज्या रजिस्टरांवरची धूळ तिने आयुष्यभर झाडली, त्यातल्या एकातही तिचं नाव नव्हतं. ती शाळेत कधी शिकलीच नव्हती.

फॉर्म अजून त्याच्या कपाटात आहे. गोदूबाई रस्त्यात भेटली की विचारते, "भरला का रे?"

"हव मावशी," तो म्हणतो, "एकच रकाना राहिला."