पावलांच्या शेजारून

"अप्पा गेले गं, संध्या... दुकानात." फोनवर आक्कांचा आवाज इतका सपाट होता, की त्यातली चांगली बातमीच मला आधी ऐकू आली. सकाळची वेळ, लातूरच्या माझ्या स्वयंपाकघरात चहा उकळत होता. लकव्यानं डावा पाय लुळा पडलेले अप्पा पाच महिन्यांनी खाटेवरून उठले आणि घराच्या दर्शनी खोलीतल्या आपल्या कापडदुकानात गेले, असाच अर्थ मी घेतला. हरखून विचारलं, "चालत?" मग त्यांच्या पत्नी, आमच्या आक्का, म्हणाल्या, "व्हय, चालतच गेले. गादीवर बसले, अन् तितंच..." चहा उतू गेला. त्या एका क्रियापदाचे दोन अर्थ जुळवत मी गॅसजवळ उभी राहिले... त्याला आता सहा आठवडे झाले.

केजच्या बाजारपेठेत अप्पांना लोक कापडवाले म्हणूनच ओळखत. कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे, अंगाला नव्या कापडाच्या खळीचा वास. तरुणपणी हैदराबादला शिकायला असताना ते टेनिस शिकले, आणि परतल्यावर साहेबलोकांसाठी कधीकाळी आखलेलं, पुढं बाभळींनी व्यापलेलं एक मुरमाचं कोर्ट त्यांनी स्वतः साफ केलं. तिथं दुकान उघडण्यापूर्वी ते आम्हा सहा मुलींना शिकवत. पाणी मारलेल्या मुरमाचा तांबडा, गार गंध आजही आला, की माझ्या टाचा आपोआप उचलल्या जातात. पहिले तीन आठवडे त्यांनी आमच्या हातात रॅकेट दिलीच नाही. "हात काय, भाकरी थापतानाबी हालत्यात. आदी पाय शिका," असं ते म्हणत. वजन चवड्यांवर, गुडघे किंचित सैल. समोरच्याची रॅकेट चेंडूला भिडण्याच्या बेतात असताना एक इवलीशी उडी. तिला ते 'ठेका' म्हणत. त्या ठेक्यातून डावीकडे किंवा उजवीकडे सुटायचं, चेंडूजवळ जाताना पावलं बारीक करायची, डावा पाय पुढं, खांदा जाळीकडं, आणि मगच हात. मी नेहमी दोन लांब ढांगांत पोहोचून वाकडी उभी राहायची. "संदे, कावून थांबलीस? बॉल काय तुजी वाट बगत बसतो का?" चेंडू तोवर मागच्या बाभळीत गेलेला असे.

एकदा त्यांनी दुकानातला, कापडावर खूण करायचा निळा खडू आणला आणि कुठं कुठलं पाऊल पडावं ते दाखवण्यासाठी मुरमावर पावलंच काढली. टाच, चवडा, पाच बोटं. एकामागोमाग एक, हुबेहूब. आम्ही बघत राहिलो. महालक्ष्म्यांच्या सणाला आया दारापासून देवघरापर्यंत रांगोळीनं काढतात, तशीच ती दिसत होती. अप्पांनी चेंडू टाकला. मी धावले आणि प्रत्येक निळं पाऊल चुकवत, अंग चोरून, त्याच्या शेजारी पाय ठेवत गेले. बाकीच्याही तशाच. अप्पा वैतागले. "अगं, त्याच्यावर पाय द्यायला काडलेत ते." शबाना आमच्यात सर्वांत धीट. तिच्या घरी महालक्ष्म्या बसत नव्हत्या, म्हणून त्यांनी तिला पुढं केलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी बी न्हाई देणार. कुणाचेबी असू द्या, पायच हायेत की ते." अप्पा आमच्या पायांकडे बघत राहिले. चित्रं चुकवताना आमच्या ढांगा मोडल्या होत्या, त्यांच्या जागी बारीक, सावध पावलं आली होती... तीन आठवडे ते जी मागत होते, नेमकी तीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम दुप्पट पावलं काढली.

यंदा लकवा झाल्यावर मुलानं त्यांना खुर्चीत बसवून दुकानात न्यायचं ठरवलं होतं. "माल हाय का मी, उचलून ठेवायला?" एवढंच ते जड जिभेनं बोलले, आणि खाटेवरच राहिले. आपल्या पायांनी त्या गादीवर जायचं, बाकी काही त्यांना नको होतं. मी दर रविवारी जाऊ लागले. खाटेपासून दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत शहाबादी फरशीवर मी त्याच निळ्या खडूनं नऊ पावलं काढली. अप्पांनी बराच वेळ ती न्याहाळली. "तुमी पोरींनी न्हाई ठिवला. मी कसा ठिवू?" म्हणाले, आणि माझ्या खांद्याचा आधार घेत पहिल्या पावलाच्या शेजारी डावा पाय ओढत टेकवला. पुढच्या रविवारी तीन, मग पाच. सहाव्यापाशी ते घामानं निथळत थांबले. "फुडच्या रविवारी," मी म्हणाले. पुढच्या रविवारी शाळेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासायचे होते. मी गेले नाही. मंगळवारी आक्कांचा फोन आला.

त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणे समाधीसाठी त्यांना मांडी घालून बसवलं होतं. फुलांच्या राशीत तळवे वर आलेले दिसत होते. आयुष्यभर ज्यांनी आम्हाला टाच टेकू दिली नाही, त्यांचे पाय इतके निवांत मी कधी पाहिले नव्हते. मी विचारलं नव्हतं, तरी आक्का म्हणाल्या, "रविवारी लई वाट बगितली तुजी. मग म्हणले, न्हाई आली तर न्हाई आली, बॉल काय तिच्यासाटी थांबतो का." मला रडू आलं ते तेव्हा.

गेल्या आठवड्यात पुन्हा केजला गेले. खाट उचललेली होती. नऊ पावलं मात्र फरशीवर तशीच होती, कडा जेमतेम फिकटलेल्या. एवढी माणसं भेटून गेली, पण कुणी त्यांच्यावर पाय दिला नव्हता. आक्काही फडकं भोवतीनं फिरवतात. मी वाकून सातवं पाऊल पाहिलं. आठवं, नववं. त्या सकाळी अप्पा माझ्या खांद्याशिवाय गेले ते इथूनच, आणि एकही रेघ फिसकटली नव्हती. दुकानातून आक्कांनी हाक मारली, "संध्या, ये की, तितंच कावून उबी हायेस?" मी खाटेच्या जागी परत आले; उंबरा तिथून नऊ पावलं लांब होता. मी चपला काढल्या आणि टाचा उचलून, त्या पावलांच्या शेजारून, बारीक बारीक पावलं टाकत निघाले...